वीस टॅलेंट म्हणजे अपमान

पेशव्यांच्या दफ्तरातला एखादा कारकून आज मुंबईत अवतरला आणि पोलिसांच्या गुन्हे शाखेतली ‘खंडणी विरोधी पथक’ ही पाटी त्याच्या वाचनात आली, तर तो बिचारा तिथेच बसकण मारेल. सरकारचं उत्पन्न बुडवायला सरकारनेच माणसं नेमलीत, त्यांना पगार आहे, गाड्या आहेत आणि उत्पन्न जास्त बुडवलं तर वर शाबासकीही आहे! त्याच्या हयातीत खंडणी ही वहीत जमेच्या बाजूला लिहायची रक्कम होती. ती वेळेवर आली तर सरदाराला मानाची वस्त्रं मिळत, आणि थकली तर कारकुनाला दिवा जाळत बसून तगाद्याची पत्रं लिहावी लागत.

शब्द तसा सोज्वळ घराण्यातला आहे. शेत खंडाने द्यायचं म्हणजे पीक कसंही येवो, रक्कम एकदा ठरली ती ठरली. साखर कारखान्यांसाठी ज्यांच्या जमिनी अशा खंडाने गेल्या त्यांना आजही खंडकरी शेतकरी म्हणतात, आणि कोणी त्यांच्याकडे संशयाने बघत नाही. त्याच घरातली खंडणी मात्र पुढे वाईट संगतीला लागली.

अर्थात संगत वाईट कोणाच्या मते, हा प्रश्न आहेच. चौथाई म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा, आणि वर सरदेशमुखीचा दहावा. १७१९ साली बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून याच्या सनदाच घेऊन आले, म्हणजे वसुलीवर बादशाही शिक्का. पुढे नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी बंगालच्या अलीवर्दीखानाला दहाएक वर्षं असं भंडावलं, की १७५१ साली त्याने ओडिशाचा महसूल सोडला आणि वर वर्षाला बारा लाख रुपये कबूल केले. मधल्या काळात कलकत्त्याच्या इंग्रजांची पाचावर धारण बसली होती. त्यांनी १७४२ साली शहराभोवती खंदक खणायला घेतला. खंदक अर्धवट राहिला, मराठे कलकत्त्यापर्यंत आलेच नाहीत, पण नाव पडलं ‘मराठा डिच’. न आलेल्या पाहुण्याचं नाव खड्ड्याला देण्याचा मान जगात फार थोड्या जमातींना मिळाला असेल. आपल्याकडे खड्डे मुबलक असूनही अजून कोणी पाहुण्यांची नावं दिलेली नाहीत.

शाळेत आपण हे सगळं छाती फुगवून शिकतो. बंगाली बाळं मात्र अजून एका अंगाईला झोपतात, तिच्यात बर्गी येतात आणि सारा कुठून भरायचा या काळजीने आई हैराण असते. तो बर्गी म्हणजे आपलाच स्वार. एकाच रकमेच्या दोन नोंदी. इकडे जमेला आहे ती तिकडे बागुलबुवा होऊन बसली आहे.

खंडणीबरोबर हमखास येणारा दुसरा इसम म्हणजे ओलीस. पैसे मिळेपर्यंत माणूस आमच्याकडे. १७९५ साली खर्ड्याच्या लढाईनंतर निजामाचा दिवाण मुशीरुल्मुल्क मराठ्यांच्या हवाली झाला. हा तोच, ज्याने थकबाकीचा हिशेब मागणाऱ्या मराठ्यांच्या वकिलाला सुनावलं होतं की नाना फडणीसांना स्वतः येऊन समजावू दे. नानांऐवजी दिवाणजींनाच पुण्याला यावं लागलं. इथवरची गोष्ट आपण चवीने सांगतो. पुढची सांगत नाही. त्याच वर्षी सवाई माधवराव वारले, गादीसाठी पुण्यात सुंदोपसुंदी माजली, प्रत्येकाला कोणाची तरी मदत हवी झाली, आणि या ओलीस बुवांनी बसल्या जागी अशी सोंगटी हलवली की तहात निजामाने गमावलेलं बरंचसं सोडवून घेतलं आणि स्वतःही सुटले. ओलीस ठेवलेला माणूस यजमानांच्या घरातली भांडणं रोज ऐकत असतो, हे पुण्यात तरी कोणाच्या लक्षात यायला हवं होतं.

इंग्रज आले आणि त्यांनी जमेची बाजू आपल्याकडे ठेवून बाकीच्यांच्या खंडणीचा गुन्हा केला. १८६० च्या दंड संहितेने व्याख्या केली: माणसाला इजेची भीती घालायची आणि त्या भीतीपोटी त्याच्याकडून काहीतरी काढून घ्यायचं. कायद्याची पुस्तकं रुक्ष असतात हा गैरसमज आहे. या कलमाखालची उदाहरणं म्हणजे छोट्या कादंबऱ्याच आहेत. त्यात ‘क’ नावाचा एक खलनायक आहे आणि ‘य’ नावाचा एक सोशिक गृहस्थ. क कधी य ला धमकी देतो की पैसे दे, नाहीतर तुझी बदनामी छापतो. कधी य चं मूल डांबून ठेवतो आणि म्हणतो, वचनचिठ्ठीवर सही कर. एकदा तर तो म्हणतो, बॉण्ड लिहून दे, नाहीतर लाठीवाले पाठवून तुझं शेत नांगरून टाकतो! य ने काय पेरलं होतं, शेताचं पुढे काय झालं, य च्या बायकोचं म्हणणं काय पडलं, कायदा काही सांगत नाही. १ जुलै २०२४ पासून दंड संहिता गेली, न्याय संहिता आली, खंडणीचं कलम ३८३-३८४ वरून ३०८ वर आलं. घर बदललं, पण क आणि य शेजारी शेजारीच राहिले.

मुंबईत या क ला १९९० च्या दशकात ‘भाई’ म्हणायला लागले. भाई परदेशात, फोन इथे. बिल्डर आणि सिनेनिर्माते फोनची घंटा वाजली की आधी घाम पुसत, मग रिसीव्हर उचलत. या व्यवहाराने मराठी अंकगणितात दोन मापं रूढ केली: पेटी म्हणजे लाख आणि खोका म्हणजे कोटी. खरं तर पेटी टिकाऊ आणि खोका पुठ्ठ्याचा, पण भाव उलटा. हा खोका गल्लीबोळातून फिरत फिरत २०२२ साली घोषणेत बसून विधान भवनाच्या पायऱ्यांवर पोचला. घोषणेतला आरोप खरा की खोटा यात मी पडत नाही, पण कोटीला खोका म्हणतात हे त्या दिवशी महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगावं लागलं नाही, याची नोंद भाषेच्या अभ्यासकांनी घ्यायला हरकत नाही.

आता सभ्य माणसांकडे वळू. गणपतीच्या आधी चारपाच तरुण पावतीपुस्तक घेऊन दारात उभे राहतात. वर्गणी ऐच्छिक असते. पुस्तक आधीच उघडलेलं असतं आणि कार्बनही घातलेला असतो.

“काका, मागच्या वर्षी पाचशे एक होते. या वर्षी हजार एक लिहू ना?”

काका म्हणतात, “अरे, पाचशे एकच लिहा.”

“काका, तुमची गाडी बाहेरच असते ना? काळजी करू नका, आमची पोरं असतात रात्रभर.”

वाक्यात धमकीचा एकही शब्द नाही. उलट सेवेचं आश्वासन आहे. चौथाईतही असंच असे: पैसे द्या, मग आमच्याच काय, इतरांच्याही स्वाऱ्यांपासून तुम्हाला संरक्षण. काका पुटपुटत हजार एक देतात आणि मांडवात ‘सप्रेम भेट’च्या फळ्यावर आपलं नाव बरोबर लिहिलंय का ते पाहून येतात. अशी वर्गणी गोळा करायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, आणि बळजबरी झाली तर ते थेट खंडणीच्या कलमात बसतं, हे काकांना पक्कं ठाऊक असतं. ते फक्त काकूंना सांगतात.

कोकणात शिमग्याला पोरं रस्त्यात आडवी होऊन गाड्या थांबवतात आणि पोस्त मागतात. सोबत संकासूर असला तर काच खाली केल्याशिवाय सुटका नाही. शहरात दिवाळीला पोस्त मागायला येणाऱ्यांची रांग वेगळी. पण या सगळ्यांवर कडी करतं ते आपलं लग्न. मुलीचा भाऊ भर मांडवात नवरदेवाचा कान पिळतो आणि त्याबद्दल कानपिळीचा पोशाख वसूल करतो. इजेची भीतीच कशाला, प्रत्यक्ष इजा, तीही दोनशे साक्षीदारांसमोर आणि व्हिडिओ चालू असताना. मेव्हण्या बूट पळवतात. ही चाल आपल्याकडे आधी थोडीफार होती, १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’ने तिला घरोघरी पोचवलं. बूट दोन हजारांचे असतात आणि मागणी अकरा हजारांची. नवऱ्याकडचा एखादा व्यवहारी मामा म्हणतो, “राहू देत बूट, नवीन आणतो.” तो हिशेबाने बरोबर असतो आणि जन्मभरासाठी चिक्कू ठरतो.

नवी नवरी सासरी येते तेव्हा नणंद दार अडवते. “नाव घेतल्याशिवाय आत सोडणार नाही, वहिनी!” जगातल्या खंडण्यांमध्ये ही एकमेव असेल जी यमकात चुकती करावी लागते. चांदीच्या ताटातले पेढे, महादेवाची पिंड, समईची वात असं काहीतरी दोन ओळींत जुळवून शेवटी नवऱ्याचं नाव बसवलं की दार उघडतं. नवऱ्याचं नाव प्रथमेश असेल तर यमक जुळायला वेळ लागतो आणि मागे वऱ्हाड उन्हात तिष्ठत राहतं.

हे सगळं हौसेचं. खरी खंडणी माणूस पळवून मागतात, आणि तिथे एक मजेदार गोष्ट दिसते. पळवलेल्या माणसाला भीती वाटते हे उघड आहे, पण इतिहास चाळला तर त्याला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. आपली किंमत कमी सांगितली याचा.

इसवीसनापूर्वी ७५ च्या सुमाराला भूमध्य समुद्रातल्या चाच्यांनी एका रोमन तरुणाला पकडलं आणि वीस टॅलेंट मागितले. एक टॅलेंट म्हणजे साधारण पंचवीस-सव्वीस किलो चांदी, म्हणजे मागणी अर्ध्या टनाची. तरुण हसला. म्हणाला, मी कोण आहे याची तुम्हाला कल्पना दिसत नाही, पन्नास मागा. हा ज्युलियस सीझर. गिऱ्हाइकाने भाव वाढवून दिल्याचा अनुभव चाच्यांना आधी आला नसणार. प्लुटार्कने पुढची हकिगत लिहून ठेवली आहे. पैसे येईपर्यंत अडतीस दिवस सीझर त्यांच्यातच राहिला. झोपायचं असलं की निरोप पाठवी, आवाज बंद करा. कविता आणि भाषणं लिहून त्यांना वाचून दाखवी आणि जे वाहवा करत नसत त्यांना तोंडावर अडाणी, रानटी म्हणे. मधूनमधून हसत सांगे, सुटलो की तुम्हाला फाशी देणार. चाचे या विनोदावर खूष होते. सुटल्यावर त्याने जहाजं जमवली, त्यांना पकडलं आणि खरोखरच वधस्तंभावर चढवलं. मला त्या चाच्यांची थोडी कीव येते. अडतीस दिवस नवकवीच्या कविता ऐकल्या, त्याची शिक्षा वेगळी धरायला हवी होती.

इंग्लंडचा राजा रिचर्ड, तो सिंहाच्या काळजाचा, धर्मयुद्धाहून परतताना ११९२ च्या डिसेंबरात व्हिएन्नाजवळ वेषांतर केलेला सापडला. ऑस्ट्रियाच्या ड्यूकने त्याला जर्मन सम्राटाच्या ताब्यात दिलं आणि मागणी ठरली दीड लाख मार्क चांदी. इंग्लंडात घरोघरी वसुली निघाली: उत्पन्नाचा आणि चीजवस्तूंचा चौथा हिस्सा. म्हणजे पुण्याचा एकही स्वार तिकडे गेला नव्हता तेव्हा इंग्रजांनी स्वखुशीने चौथाई भरलेली आहे. चर्चमधली चांदीची भांडी गेली, मठातल्या मेंढ्यांची लोकरही गेली. रिचर्डचा धाकटा भाऊ जॉन याने मात्र वेगळाच भाव लावला. तो आणि फ्रान्सचा राजा मिळून सम्राटाला पैसे द्यायला निघाले, पण सोडण्यासाठी नाही, आणखी काही महिने ठेवून घेण्यासाठी! भाऊबंदकीचा इतका रोकडा पुरावा आपल्याकडच्या दिवाणी कोर्टांतही दुर्मीळ आहे. सम्राटाने ११९४ च्या फेब्रुवारीत मोठी रक्कम घेऊन रिचर्डला सोडलं. ऑस्ट्रियाच्या वाट्याला आलेल्या चांदीतून वीनर नॉयश्टाट हे नवं शहर उभं राहिलं. ते अजून आहे.

सगळ्यात सज्जन ओलीस म्हणजे फ्रान्सचा राजा दुसरा जॉन. १३५६ च्या प्वातिएच्या लढाईत इंग्रजांच्या हाती लागला, भाव ठरला तीस लाख एकू. पहिला हप्ता देऊन तो घरी आला, बदल्यात मुलगा ओलीस राहिला. १३६० साली या भानगडीत फ्रान्सने नवं सोन्याचं नाणं पाडलं, तेच फ्रँक. पुढे हप्ते थकले आणि मुलगा इंग्रजांच्या हातावर तुरी देऊन पळाला. बापाला इतकं अपमानास्पद वाटलं की १३६४ च्या जानेवारीत तो आपण होऊन लंडनला कैदेत परत गेला आणि एप्रिलमध्ये तिथेच वारला. हप्ता थकला म्हणून कर्जदार स्वतः बँकेत जाऊन बसला, असं आमच्याकडच्या सहकार चळवळीत कोणी सांगितलं तर वसुली अधिकारी त्याला नजर लागेल म्हणून मीठमोहऱ्या ओवाळतील.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला अमेरिकन तेलसम्राट पॉल गेटी. १९७३ साली त्याच्या सोळा वर्षांच्या नातवाला रोममध्ये पळवलं, मागणी एक कोटी सत्तर लाख डॉलर. आजोबा म्हणाले, मला आणखी चौदा नातवंडं आहेत; एकासाठी दिले तर चौदा जणांना पळवतील. गणित बिनचूक होतं. मुलाचा कान कापून वर्तमानपत्राला पाठवला तेव्हा कुठे ते हलले. तेही असं की, करात वजावट मिळेल तेवढी रक्कम स्वतः दिली आणि उरलेली आपल्या मुलाला, म्हणजे पळवलेल्या पोराच्या बापाला, चार टक्के व्याजाने कर्जाऊ. इथे हसावं असं फारसं काही नाही, कान खरोखर गेला होता. पण व्याजाचा दर ठरवताना तो माणूस कोणत्या चेहऱ्याने बसला असेल, हे डोळ्यासमोर आणून पाहावं.

ओ. हेन्रीच्या ‘द रॅन्सम ऑफ रेड चीफ’ या गोष्टीत तर भाव उणे होतो. दोन भुरटे एका गावातल्या श्रीमंताचा मुलगा पळवतात. पोरगं इतकं कार्टं निघतं की दोघांना पळता भुई थोडी होते. ते दीड हजार डॉलर मागतात, आणि बाप उलट चिठ्ठी पाठवतो: अडीचशे तुम्ही द्या, मी परत घेतो. ते देतात. घासाघीस शिकवणाऱ्या कुठल्याही व्यवस्थापन संस्थेने हा बाप अभ्यासक्रमात घ्यावा.

माणूस पळवण्यात त्याला खायला-प्यायला घालावं लागतं, पहारा ठेवावा लागतो, कविता ऐकाव्या लागतात. म्हणून आता फाइली पळवतात. सुरुवात १९८९ साली झाली. एड्सच्या माहितीची म्हणून हजारो फ्लॉपी टपालाने गेल्या, त्या घालणाऱ्यांचे संगणक काही दिवसांनी बंद पडले आणि पडद्यावर आलं की पनामातल्या एका पोस्ट बॉक्सवर १८९ डॉलर पाठवा. टपाल खात्यावर विश्वास ठेवणारा हा पहिला आणि बहुधा शेवटचा डिजिटल खंडणीखोर. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने बिटकॉइनमध्ये तीनशे डॉलर मागितले, शेजारी सेकंद मोजणारं घड्याळ लावून. त्याच वर्षी जूनमध्ये ‘नॉटपेट्या’ आला आणि आमच्या उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं एक टर्मिनल ठप्प झालं, कंटेनरांच्या रांगा लागल्या. त्या नॉटपेट्याला तर पैसे देऊनही फाइली मिळायची सोय नव्हती. आता या धंद्यातल्या टोळ्या मदतकक्ष चालवतात. तुम्ही गप्पांच्या खिडकीत ‘परवडत नाही’ असं टाइप करायचं, पलीकडून सवलत मिळते. नम्रपणे बोलतात म्हणे. खऱ्या मदतकक्षात जे कधी लाभलं नाही ते इथे लाभतं.

माझा मात्र असा अंदाज आहे की मराठी मध्यमवर्गीय माणूस पळवण्याच्या फंदात कोणी अनुभवी टोळी पडणार नाही. समजा, पडलीच. आमच्या सोसायटीतले एखादे काका सकाळी फिरायला गेले असताना उचलले, आणि फोन गेला काकूंना. काकू राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त.

“तुमचा नवरा आमच्या ताब्यात आहे. पंचवीस लाख रोख तयार ठेवा.”

“रोख?”

“रोख.”

“रोख नाही जमायचं. एका व्यक्तीकडून एका दिवसात दोन लाख किंवा जास्त रोख घेता येत नाहीत. २०१७ पासून.”

“ओ बाई, जीव प्यारा आहे की नाही?”

“अहो, तुमच्यासाठीच सांगतेय. दंड देणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला होतो. जेवढी रक्कम घ्याल तेवढाच दंड. म्हणजे पंचवीस घेतलेत तर पंचवीस भरायचे. तुम्हाला उरलं काय?”

पलीकडे कुजबुज.

“मग ऑनलाइन करा.”

“करते की. खातं कोणाच्या नावावर आहे? केवायसी झालंय का? पॅन आधारला जोडलेलं आहे?”

पुन्हा कुजबुज, या वेळी जरा लांबलेली.

“आणि हे बघा, पंचवीस लाख म्हणजे मुदत ठेव मोडावी लागेल. मुदतीआधी मोडली तर व्याज कमी बसतं. मार्चमध्ये पिकतेय. तोवर ठेवता का यांना?”

“मार्चपर्यंत?”

“पथ्य फार नाही. सकाळी रक्तदाबाची गोळी, दुपारी तासभर झोप. संध्याकाळी ते मराठी माणूस धंद्यात मागे का यावर बोलतात, तेवढं ऐकून घ्यायचं. मध्ये बोलू नका, वाढतं.”

“ते कालपासनं तेच बोलतायत, बाई.”

“कालपासनं? अहो, गेलेत आज सकाळी.”

“आम्हाला कालपासनं वाटतंय.”

“बरं, तुमच्याकडे वरचे कोणी साहेब आहेत का? त्यांना द्या फोन. आणि पावती कोण फाडणार, तेही विचारून ठेवा.”